बाइंडरांचं तळघर

नवऱ्याबद्दल चार चांगले शब्द लिहायचे ते तो गेल्यावर, अशी रीत आहे. आमचे हे अजून आहेत. या क्षणी खाली तळघरात बसून कुणाचा तरी जाडजूड ग्रंथ शिवताहेत आणि मी वर स्वयंपाकघराच्या टेबलावर हे लिहिते आहे. त्यातही चार चांगलेच लिहीन, असं वचन देत नाही. एकेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईकडून तेवढी अपेक्षा करूही नये.

हे बुकबाइंडर. गल्लीत यांना कुणी नावानं हाक मारत नाही. पोरंटोरं 'बाइंडरकाका' म्हणतात, मोठी माणसं नुसतं 'बाइंडर'. घर सासऱ्यांनी घेतलेलं, अरुंद आणि उंच, खाली तळघर. बांधून सत्तर वर्षं तरी झाली असतील. तळघराला रस्त्याच्या पातळीवर दोन लांबट खिडक्या आहेत, त्यांतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. हे बुटांवरून माणूस ओळखतात. "वकील आले," म्हणतात, आणि खरोखरच वकील आपले फाटके कायदे काखेत मारून जिना उतरतात.

खाली एक लोखंडी दाबयंत्र आहे, एक कागद कापायचं मशीन, पुठ्ठ्यांचे गठ्ठे, बांधणीच्या कापडाचे ताके आणि कोपऱ्यात शेगडी. शेगडीवर रोज सकाळी कागद चिकटवायची खळ शिजते. मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद. मोरचुदामुळे किडे कागदाला तोंड लावत नाहीत, आणि खळीला अगदी किंचित निळसर झाक येते. हल्ली तयार गोंदाच्या बाटल्या मिळतात, पण त्यांचं नाव काढलं की हे असं तोंड करतात की जणू मी त्यांना दुसरी बायको सुचवली.

स्वभावानं हे मऊ. मोठ्यानं बोलत नाहीत. मुळात बोलतातच कमी. या घरात भांडण करायचं झालं तर दोन्ही बाजू मलाच लढवाव्या लागतात. सुरुवातीला मला वाटायचं, किती भाग्यवान मी, नवरा उलटून बोलत नाही. पुढे पुढे त्याचाच थकवा यायला लागला. भिंतीवर चेंडू टाकला तर निदान तो परत तरी येतो.

शिजलेली खळ निवायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ हात रिकामे, म्हणून हे मागच्या दारानं परसात जायचे. परसाच्या टोकाला कमरेइतकी भिंत आणि भिंतीपलीकडे मास्तरीणबाई. बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. एकट्याच असतात. छत्तीस वर्षांपूर्वी इथं राहायला आल्या तेव्हा त्यांनी डब्यातून आणलेलं एक रोप भिंतीला लागून लावलं, त्याचं पुढे हे एवढं झाड झालं. ना फळ, ना फूल, नुसती पानं, पण सावली अशी की भर दुपारी खाली पाय टेकला तर फरशी गार लागायची. त्या सावलीत बाई पलीकडे खुर्ची टाकून बसायच्या, हे अलीकडे भिंतीवर. बाई चहाचा कप भिंतीवर ठेवायच्या. मग दोघांचं बोलणं सुरू. कशावर? तर नद्यांवर, जुन्या नकाशांवर, कुठल्या पुस्तकाचा कणा कसा मोडला यावर. दिवसभरात माझ्या वाट्याला जेवढे शब्द येतात तेवढे त्या अर्ध्या तासात संपायचे. कधीकधी यांच्या हसण्याचा आवाज माझ्या खिडकीपर्यंत यायचा.

मला मत्सर वाटायचा. लपवून काय करायचं? वाईटसाईट काही नव्हतं त्यात, दोघंही सरळ माणसं. पण माझ्यासमोर हा माणूस असा का हसत नाही, हा प्रश्न मी छत्तीस वर्षं रोज सकाळी भाजी चिरताना चिरलेला आहे.

संध्याकाळी उरलेल्या खळीचा एक नियम होता. खळ कधी मोरीत ओतायची नाही. भांडं खरवडून खळ जुन्या रद्दी कागदावर पसरायची, रात्रभर वाळू द्यायची आणि सकाळी कागदासकट कचऱ्यात टाकायची. यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम, आणि हे तो पाळायचे म्हणजे अगदी देवपूजेसारखा. नऊ वर्षांपूर्वी यांचा उजवा खांदा धरला. हात खांद्याच्या वर जाईना, भांडं खरवडताना कळ यायची. तेव्हापासून संध्याकाळचं भांडं माझ्याकडे आलं. हे वर जाऊन शेक घेत बसायचे आणि मी खाली आवराआवर करायची.

आता तळघरातल्या पाण्याबद्दल सांगते, कारण गेली तीन वर्षं आमचा संसार त्या पाण्याभोवतीच फिरत होता.

तळघराच्या मधोमध फरशीत एक लोखंडी जाळी आहे. फरशी धुतली की पाणी तिच्यातून जावं, एवढ्यासाठीच ती केलेली. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मी वर कपडे धुतले आणि खालून यांची हाक आली. हाक म्हणजे काय, "अगं, जरा ये" एवढंच. गेले तर जाळीतून काळं पाणी बुडबुडे काढत वर येत होतं. त्यात माझ्या साबणाचा फेस होता, वरच्या भांड्यांचं खरकटं होतं, आणि वास असा की विचारू नका. वाचनालयाचे चोवीस खंड बांधून जमिनीवर रचलेले होते. खालचे सहा खंड पाणी प्यायले. सहाही यांनी पुन्हा उसवले, पान न् पान दोरीवर वाळवलं, पुन्हा शिवले. तोंडातून शब्द नाही. मीच दोन्ही बाजूंनी बोलत होते.

मग हे नेहमीचंच झालं. महिन्यातून एकदा, मग पंधरवड्यातून एकदा, मग आठवड्यातून दोनदा. सगळं सामान आम्ही विटांवर चढवलं. मशीन विटांवर, कपाट विटांवर, यांची खुर्चीसुद्धा विटांवर. त्यामुळे हे खुर्चीत बसले की पाय अधांतरी, शाळेतल्या पोरासारखे. वर पाणी सोडायची चोरी झाली. घरातलं सगळं पाणी एकाच पाईपनं जातं, आणि पुढे ते अडलं की सगळ्यात खालचं भोक शोधतं, म्हणजे आमची जाळी. म्हणून मी वर नळ उघडण्याआधी पाईपवर डाव आपटायची. खालून यांनी पकडीनं एकदा ठोकलं तर सोडा, दोनदा ठोकलं तर थांबा. पाहुणे आले की हा टणटणाट ऐकून घाबरायचे. एकदा तर माझी मावसबहीण अंगाला साबण लावून न्हाणीघरात अर्धा तास तशीच उभी होती, कारण खालून दोन ठोके पडले होते आणि नंतर हे कामात विसरून गेले.

उपाय तर सगळे केले. सोडा टाकला, उकळतं पाणी टाकलं, रबरी पंपानं उपसलं. जाळीच्या भोकात चिंध्या गुंडाळलेला चेंडू ठोकून बसवला, वर दगड ठेवला. पाणीही वस्ताद. ते तळघरातल्या हात धुवायच्या बेसिनमधून वर आलं. दर वेळी हे गुडघ्यावर बसायचे, कचऱ्याच्या सुपलीनं पाणी बादलीत भरायचे, आणि मी बादल्या जिन्यावरून वर न्यायची. बारा पायऱ्या. माझे गुडघे त्या बारा पायऱ्यांना शिव्या देत. लेक फोनवर म्हणायची, "आई, ते घर विकून टाका ना." यांना विचारलं तर म्हणायचे, "आणि मशीन कुठं ठेवू?" झालं, विषय संपला.

शेवटी प्लंबर आणला. हा पहिला प्लंबर. तोंडात सदा काडी. त्यानं लांबलचक लोखंडी स्प्रिंग पाईपमध्ये घातली, गोल गोल फिरवली, आणि बाहेर ओढली तर टोकाला केसांसारख्या बारीक मुळांचा झुपका.

"बघा," तो म्हणाला. "भाजक्या मातीचे पाईप आहेत तुमचे, जुने. सांध्यांतून मुळं शिरतात. पाईप परसातून जातो ना? कुठं झाड आहे का जवळ?"

मी मागच्या दाराकडे बोट दाखवलं. हे माझ्या बोटाकडे पाहत राहिले.

"झाड आहे तोवर हे असंच चालायचं," काडी या गालातून त्या गालात नेत तो म्हणाला. "आज काढली मुळं, उद्या परत येतील."

तो गेल्यावर मी म्हटलं, "ऐकलंत ना? बाईंना सांगा झाड काढायला."

"झाड त्यांचं आहे."

"पाणी आपलं आहे!"

हे वळून शिवायला बसले. दोन महिने गेले. पाणी आणखी तीनदा आलं. मी रोज सकाळी एकदा आणि रात्री एकदा तो विषय काढायची. पालथ्या घड्यावर पाणी. हे रोज त्याच झाडाखाली बसून चहा पिऊन परत यायचे, आणि मी विचारायची, "बोललात?" हे नाही म्हणून मान हलवायचे. शेवटी एका सकाळी मी घोटाभर पाण्यात उभी असताना रागानं माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुम्हाला माझ्या गुडघ्यांपेक्षा त्या बाईची सावली जास्त आहे. एवढं सांगा आणि मोकळे व्हा."

हे उठले. हात धुतले. परसात गेले.

मी खिडकीतून पाहिलं. यांनी काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण हे सांगताना भिंतीवरचे खडे एकेक करून खाली टाकत होते. बाईंनी झाडाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, ते मात्र ऐकू आलं, "छत्तीस वर्षांत तुम्ही माझ्याकडे पहिल्यांदा काही मागताय. तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार."

झाड दोन दिवसांत गेलं. बाई दोन्ही दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी नेहमीसारखी खुर्ची टाकली, चहाचा कप भिंतीवर ठेवला. ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. बाई डोक्यावर टॉवेल घेऊन बसल्या, हे कपाळावर हात धरून. तरी बसले. मला त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

पाणी सहा आठवडे आलं नाही. सातव्या आठवड्यात, मी डाळीचं भांडं विसळलं आणि खालून दोन ठोके पडले. ये रे माझ्या मागल्या.

या वेळी दुसरा प्लंबर आणला. याला गल्लीत 'डॉक्टर' म्हणतात, कारण तो काही करण्याआधी पाईपला कान लावून बसतो. वयस्कर, बोलायला कमी, यांच्याच जातकुळीचा. त्यानं इथं ठोकलं, तिथं ठोकलं, मग जाळीपासून चार पावलांवर खडूनं रेघ मारली आणि म्हणाला, "फरशी फोडावी लागेल. अडलंय ते इथं. परसात नाही, घरातच आहे."

"मुळं?" मी विचारलं.

"मुळं इथवर कशाला येतील, काकू? आणि तुम्ही सांगता ती बाहेरची मुळं दोऱ्याएवढी. दोऱ्यानं पाईप नाही तुंबत."

फरशी फोडली. हातभर खाली पाईप लागला. डॉक्टरनं तो दोन ठिकाणी कापून तेवढा तुकडा उचलला आणि कागदावर उभा केला. आत पाईपचं भोकच नव्हतं. पांढरट, कडक, थरावर थर चढलेलं काहीतरी गच्च बसलेलं, मधे करंगळीएवढी वाट. डॉक्टरनं छिन्नी घातली, एक ढेकूळ सुटून खाली पडलं. त्यानं ते खिडकीच्या उजेडात धरलं. त्याला अगदी किंचित निळसर झाक होती.

"हे काय म्हणायचं?" डॉक्टर म्हणाला. "चुना नाही. सिमेंट नाही."

मला कळलं होतं. यांनाही कळलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी भांडं माझ्याकडे आलं तेव्हा पहिले पंधरा दिवस मी नियम पाळला. खरवड, पसर, वाळव. पण मोरचूद असूनही त्या वाळत्या खळीच्या कागदांवर झुरळं यायची, आणि मी आयुष्यभर ज्या दोनतीन गोष्टींचा अभिमान बाळगला त्यातली एक म्हणजे माझ्या घरात झुरळ नाही. मग एका संध्याकाळी मी भांड्यात कढत पाणी ओतलं, खळ पातळ झाली, आणि जाळीत सोडून दिली. सुर्रकन गेली. पाच मिनिटांत भांडं लख्ख. मला वाटलं, पुरुषांनी घालून दिलेले नियम असे असतात, बाईच्या हातात काम आलं की समजतं किती सोपं आहे. तेव्हापासून नऊ वर्षं, रोज. कढत असताना ती वाहायची. चार पावलांवर पाईप गार पडायचा आणि खळ तिथंच बसायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तशी आम्ही त्या झाडाला दिली होती, आणि चोर तिथं पदर खोचून उभा होता.

यांनी ढेकूळ हातात घेतलं. अंगठ्यानं चोळलं. माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग डॉक्टरला म्हणाले, "माझ्या कामाची खळ आहे. माझीच चूक."

मी तोंड उघडलं होतं. पण आवाज आला नाही. त्या वेळी का आला नाही याचं उत्तर मी स्वतःला दहा प्रकारे देऊन पाहिलं आहे. खरं एकच, मला लाज वाटली आणि हे वाचवताहेत तर वाचवू दे, असं वाटलं.

डॉक्टरनं नवा पाईप बसवला, फरशी बुजवली, गेला. हे वर आले, धुतलेला शर्ट घातला, केस विंचरले. मी विचारलं, "कुठं?" म्हणाले, "सांगायला हवं त्यांना."

मी मागच्या दाराच्या आत उभी राहिले. कपाळावर ऊन घेत हे भिंतीपाशी गेले, बाईंना हाक मारली. बाई आल्या.

"झाड उगाच गेलं," हे म्हणाले. "मुळांचा दोष नव्हता. आत खळ साठली होती."

"खळ? पाईपमध्ये कशी गेली?"

"मी ओतत होतो."

बाईंनी यांच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही ओतत होतात?"

"हो."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या दाराकडे एकदा पाहिलं, खुर्ची उचलली आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून ती खुर्ची बाहेर आली नाही. हे दोन दिवस परसात जाऊन आले, तिसऱ्या दिवसापासून गेले नाहीत. खळ निवेपर्यंत आता हे तळघरातच बसतात, रिकाम्या हातांनी, खिडकीतून पायांकडे बघत. घरात पाणी मात्र बिनबोभाट जायला लागलं. मी हवे तेवढे कपडे धुवायची, हवे तेवढे नळ सोडायची. खाली उतरले की खांद्यात मान घालून बसलेला माणूस दिसायचा, आणि मी उगाच जाळीवरून फडकं फिरवत राहायची. खाई त्याला खवखवे, ते काही खोटं नाही.

मला वाटत होतं, बाईंना झाडाचा राग आहे, जाईल. महिना गेला, दोन गेले, पाच गेले. रस्त्यात भेटल्या तर यांना मान लवून पुढे जायच्या, अनोळखी माणसाला लवतात तशी. हे वाळत चालले होते. एकदा वकील येऊन गेले आणि यांनी बुटांवरून ओळखलंच नाही, ते समोर येऊन उभे राहिले तेव्हा दचकले. मग मला राहवेना.

एका दुपारी मी पुढच्या दारानं, रस्त्यावरून, बाईंकडे गेले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरात पाचसहा वेळाच गेले असेन. स्वयंपाकघरात ऊन पसरलं होतं, बाईंनी खिडकीला जुनी चादर लावली होती. मी बसलेच नाही. उभ्याउभ्याच म्हटलं, "खळ मी ओतत होते, बाई. यांना माहीतसुद्धा नव्हतं."

"मला माहीत होतं, वहिनी," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"ते बोलले त्याच क्षणी. खळ मोरीत ओतायची नसते, हे मला त्यांनी कितीदा सांगितलंय. वडिलांनी एकदा कसा कान पिळला होता, ते सुद्धा. तो माणूस खळ ओतणार?"

"मग तुम्ही यांच्यावर का रागावलात?" मी म्हटलं. "माझ्यावर रागवा. मला बोला. झाड माझ्यामुळं गेलं."

बाईंनी चादरीचं टोक सारखं केलं. त्यांचा आवाज थकलेला होता, रागाचा नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "झाडाचं वाईट वाटतं, पण ते एक झाड होतं. छत्तीस वर्षं आम्ही एकमेकांशी खरं बोललो, वहिनी. दुसरं काय होतं आमच्यात? ना नातं, ना गोतं. तेवढंच होतं. आणि त्या दिवशी ते माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलले. मला कळणार हे त्यांना ठाऊक होतं, तरी बोलले. आता ते येऊन बसले, तर मी काय बोलू? मला या वयात राग धरायची ताकद नाही. पण काही झालंच नाही, असं करायचीही नाही."

मी घरी आले. काही झालं तरी आज बोलायचंच, असं ठरवून बारा पायऱ्या उतरले. हे पुस्तकाचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवत होते. मी सगळं सांगितलं, बाईंचा शब्द न् शब्द. हे ऐकत होते, सुई हातातच होती.

"बरोबर आहे त्यांचं," हे म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं त्यांना कळेल?"

"हो."

"मग कशाला खोटं बोललात? खरं सांगायचं होतं की बायकोनं केलं. मला चार शिव्या द्यायच्या होत्यात. एकदा तरी, अहो, या एकेचाळीस वर्षांत एकदा तरी माझ्यावर ओरडायचं होतंत!" मी ओरडत होते. दोन्ही बाजू मीच लढवत होते, नेहमीसारखी.

यांनी सुई कापडात टोचून ठेवली. "तुझं नाव सांगितलं असतं," हे हळू म्हणाले, "तर तू त्यांच्यासमोर पुन्हा कधी उभी राहिली नसतीस. माझ्याही समोर नीट राहिली नसतीस. मला तुझा स्वभाव माहीत आहे. खाली उतरणं बंद केलं असतंस. जिन्यावरूनच हाका मारल्या असत्यास." यांनी सुईतला दोरा सरळ केला. "दोघींपैकी एकजण जाणारच होती. मग मी ठरवलं."

"काय ठरवलंत?"

"कोण गेलं तर चालेल ते."

भाजी चिरताना रोज विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं. आनंद व्हायला हवा होता. मी विटांवरच्या मशीनला धरून उभी राहिले, आणि मला रडू आलं ते आवरेना. यांनी मला निवडलं होतं, आणि निवडायची वेळ मीच यांच्यावर आणली होती.

"मला असं नको होतं हो," मी म्हटलं.

"मला तरी कुठं हवं होतं?" हे म्हणाले, आणि चष्मा पुसून पुन्हा शिवायला बसले.